डावा मागचा दरवाजा

आमच्या मजल्यावर जिन्याला लागून जे दार होतं ते रमाकांत घागांचं. आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो त्या दिवशी आमचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं आणि हमाल ते तिथेच सोडून चहाला निघून गेले. जिना बंद. वरच्या मजल्यावरची माणसं खाली उभी राहून वैतागत होती. तेवढ्यात घागकाका ऑफिसातून आले. खांद्याला पिशवी, हातात कोथिंबिरीची जुडी. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, माझ्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालेल. मी बसतो इथे." हमाल परत येईपर्यंत ते खरोखरच खालच्या पायरीवर बसून राहिले, कोथिंबीर मांडीवर ठेवून.

'चालेल' हा त्यांचा शब्द होता. चहात साखर राहिली तरी चालेल, दूधवाल्याने म्हशीऐवजी गाईचं दिलं तरी चालेल. त्यांच्या हॉलची एक भिंत वरच्या घरातल्या न्हाणीघरामुळे ओली राहायची. रंगाचे पोपडे पडायचे. काकांनी त्या भिंतीला कॅलेंडर लावलं, ओल खाली सरकली तसं कॅलेंडरही खाली सरकवलं, आणि वरच्या मजल्यावर जाऊन एका शब्दाने कधी तक्रार केली नाही. एकदा चष्मेवाल्याने दुसऱ्याच कुणाच्या तरी फ्रेममध्ये त्यांच्या काचा बसवल्या. फ्रेम बायकांची, वांगी रंगाची, कडेला बारीक खडे. "नंबर बरोबर आहे ना, मग झालं," असं म्हणून त्यांनी तो चष्मा नंबर बदलेपर्यंत वापरला. फोर्टातल्या त्यांच्या ऑफिसात, टपाल आणि पार्सलं रवाना करायच्या खात्यात, लोक त्यावरून हसायचे असं तेच कौतुकाने सांगत.

त्यांच्या बायकोचा, सुलभाकाकूंचा, यावर कायमचा संताप असायचा. ताटात खडा वाढला तरी हे चालेल म्हणून गिळतील, असं त्या मला पोळ्या लाटता लाटता सांगायच्या. पण काका भित्रे होते असं मला कधी वाटलं नाही. समोरच्या माणसाला अवघडल्यासारखं होईल, याची त्यांना धास्ती असायची. त्यांचं दुसरं वाक्य होतं, "मुद्दाम थोडंच केलंय कुणी?" आणि ते म्हणताना त्यांचा आवाज असा असायचा की चूक करणाऱ्यालाही जरा बरं वाटावं.

निवृत्त झाल्यावर या माणसाने गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा इमारतीत सगळ्यांनाच नवल वाटलं.

कारण सुलभाकाकूंच्या गुडघ्याचं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण रिक्षात चढणं-उतरणं त्यांना जमेना. आणि दर रविवारी त्यांना मुर्ध्याला जायचं असायचं, माहेरी. काकू तिथल्या म्हात्र्यांच्या. आई खूप थकलेली, भाऊ हरेशकडे असायची. ही आई म्हणजे जन्मभर मिठागरात राबलेली बाई. तळपायाला पडलेल्या भेगा म्हातारपणीही बुजल्या नव्हत्या. लेक गाडी घेतेय म्हटल्यावर तिने एकच मागणं मागितलं होतं, ते काकू मला तिच्याच बोलीत सांगायच्या: "मिठात जलम गेला, पन समुद्र बघत नुसती बसले न्हाय कधी. एकदा उत्तनला ने मला."

काका गाडी शिकायला जाऊ लागले. शिकवणारा मुलगा वैतागायचा, कारण चौकात काका प्रत्येकाला हाताने 'या, या' करायचे आणि मग मागून हॉर्नचा कल्लोळ उठला तरी त्यांची पाळी यायची नाही. तरी ते शिकले. रंग काकूंनी निवडला, दौतीतल्या शाईसारखा गडद निळा. आणि एका संध्याकाळी हायवेवरच्या शोरूममधून गाडी आली. मी त्यांच्याबरोबर गेले होते. आत दिवेच दिवे. गाडीवर लाल मखमली कापड, बाजूला फुगे, मोठा हार. काकूंनी नारळ फोडला, कुणीतरी फोटो काढले, काकांनी दाखवतील तिथे सह्या केल्या. मागे दुसरं कुटुंब त्यांच्या गाडीसाठी खोळंबलं होतं, म्हणून सगळं जरा घाईतच झालं. काका घरापर्यंत इतक्या सावकाश आले की सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. त्या दिवशी ते सबंध रस्ताभर हसत होते आणि आपण हसतोय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच त्यांनी माझी बेल वाजवली. हातात गाडी पुसायचं पिवळं फडकं. "मेधा, जरा खाली येतेस? मला एक सांग."

खाली आवारात ऊन पडलं होतं. गाडी चमकत होती. मला गाडीच दिसली.

"इकडून बघ. जरा वाकून."

मी वाकले. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांच्या जाळ्या गाडीच्या अंगात उमटल्या होत्या. पुढच्या दरवाजात त्यांच्या रेघा सरळ होत्या. डाव्या मागच्या दरवाजात त्याच रेघा थरथरत होत्या, पाण्यात दिसाव्यात तशा. तिथला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत होता. निळाही किंचित मळका, राखाडीकडे झुकलेला. आणि हँडलच्या खाली, वरच्या पारदर्शक थराच्या आत, धुळीचे दाणे अडकून बसले होते. काकांनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. दाणे लागले.

"दिसलं?"

"दिसलं."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "सुलभाला नाही दिसत. मला वाटलं माझेच डोळे."

मी वाट पाहत होते. आता ते म्हणतील, चालेल. त्यांनी फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

पुढे आठवडाभर ज्याला त्याला त्यांनी तो दरवाजा दाखवला. निम्म्यांना डाग दिसला नाही. ज्यांना दिसला ते म्हणाले, काका, इथल्या रस्त्यांवर गाडी चालवायचीय, आज ना उद्या ओरखडे पडणारच, कशाला मनाला लावून घेता. सोसायटीचे सेक्रेटरीही तेच म्हणाले. तेव्हा काकांनी दिलेलं उत्तर मला अजून आठवतं, कारण इतकं लांब उत्तर त्यांनी कुणाला दिलेलं मी ऐकलंच नव्हतं. ते म्हणाले, "पडतील ना. पण ते माझ्या हातून पडतील. ते मी माझे म्हणून घेईन. हा डाग माझा नाही."

शोरूमला मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले, कारण कॉलेजात मी शिकवत असे ते तास दुपारी संपायचे आणि काकांना तिथल्या काचेच्या केबिनमध्ये एकट्याने बोलता येत नसे. तिथली मुलगी फार गोड बोलायची. पाणी द्यायची, कॉफी विचारायची. तिने काकांना समजावलं की नई गाडी में थोडा-बहुत ऐसा रहता है अंकल, हम पॉलिश करवा देंगे. पॉलिश झालं. गाडी परत आली तेव्हा सावलीत झकास दिसत होती. उन्हात आणली तर दरवाजाभर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं उमटली होती. दाणे होते तिथेच होते.

पुन्हा गेलो. या वेळी मुलगी म्हणाली की दोष कारखान्यातला आहे, कंपनीला कळवावं लागेल. कंपनीला मेल मी लिहिला, काका शेजारी बसून 'कृपया' हा शब्द आणखी कुठे घालता येईल ते सुचवत होते. कंपनीचं उत्तर आलं की कारखान्यातून गाड्या तपासूनच बाहेर पडतात, तेव्हा काही झालं असल्यास ते वाहतुकीत किंवा शोरूमच्या ताब्यात असताना झालं असावं, आपण शोरूमशी संपर्क साधावा. शोरूमने काकांची सही दाखवली. गाडी उत्तम स्थितीत मिळाली, असं तिच्या वर छापलेलं होतं.

"सही तर माझीच आहे," काका मला बाहेर येऊन म्हणाले. जणू तेवढ्यापुरती शोरूमची बाजू त्यांना पटली होती.

शोरूमच्या नव्या गाड्या विकायला आणण्याआधी चेणे गावाच्या बाजूला, घोडबंदर रोडलगतच्या एका मोकळ्या जागेत उभ्या असतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. एके दिवशी काका मला न सांगताच तिकडे गेले. संध्याकाळी आले ते थेट आमच्याकडे, आणि चहा पिता पिता सांगत होते. पत्र्याचं कुंपण, आत गाड्यांच्या ओळी, वर धुरळा. मोठाले डंपर जातात त्याची पांढरी पूड सगळ्यांवर बसलेली. पहारेकऱ्याने आधी हटकलं, मग हे कुणी म्हातारे गृहस्थ आहेत असं बघून सोडलं. काकांनी आपल्या रंगाच्या निळ्या गाड्या शोधल्या आणि रुमालाने एकेकीचा डावा मागचा दरवाजा पुसून पाहिला.

"मग?"

"चांगल्या आहेत गं. एकीला जरासं होतं, बाकी चांगल्या." कपातला उरलेला चहा ते हलवत राहिले. "सगळ्यांनाच असतं ना, तर मला बरं वाटलं असतं."

या दिवसांत मुर्ध्याहून फोन येत होते. आई विचारत होती, गाडी कधी आणताय. काकू सुरुवातीला उत्साहाने म्हणायच्या, या रविवारी. काका म्हणायचे, नीट होऊन येऊ दे, मग नेऊ. काकूंनी एकदा मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, यांना झालंय तरी काय, यांना कधी कशाचं काही वाटलं नाही. मी काकांना विचारलं. आधी त्यांनी टाळलं. मग गॅलरीत उभे राहून सांगितलं. लग्नाच्या वेळी सुलभाच्या वडिलांना हा लालबागच्या चाळीतला, दहा बाय बारातला मुलगा पसंत नव्हता. मुर्ध्यात त्यांचं घर, वाडी, माणसं. ते नंतर नीट वागले, पण दारात जावयाची वाट बघत कधी उभे राहिले नाहीत. वडील गेले, सगळं जुनं झालं. हरेश तर जीव लावणारा. पण काका म्हणाले, "त्या दारात मी आजवर जरा वाकूनच गेलोय, मेधा. कुणी वाकायला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा काहीतरी घेऊन जातोय. ते धड असावं एवढंच."

हरेशमामा एकदा भाईंदरला आले तेव्हा त्यांनी गाडी पाहिली. गाडीभोवती फिरले, दार उघडलं, बंद केलं. म्हणाले, "भावजी, धावते हाय ना? मग रंगाचा काय एवढा? आमाला न्हाय दिसत काय." काका हसले. पण गाडी त्या रविवारीही गेली नाही. काकू रिक्षाने गेल्या, गुडघा धरत.

शेवटी माझ्या मेलांना कंटाळून कंपनीने एक इंजिनिअर पाठवला. पस्तिशीचा, मराठी, कपाळावर आठ्या पडलेला. शोरूमच्या मागच्या शेडमध्ये गाडी उभी केली. त्याने खिशातून रंगाच्या थराची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि दरवाजावर ठिकठिकाणी टेकवलं. प्रत्येक वेळी यंत्र टिक करायचं आणि तो आकडा वाचायचा. शोरूमची मुलगी लिहून घेत होती. शेवटी तो म्हणाला की सगळे आकडे मर्यादेत आहेत, त्यामुळे हा दोष धरता येणार नाही.

काका म्हणाले, "ते यंत्र राहू द्या. तुम्हाला दिसतंय का, तेवढं सांगा."

तेवढ्यात मुलीला कुणीतरी आत बोलावलं. ती गेल्यावर तो दरवाजासमोर उकिडवा बसला, मी पहिल्या दिवशी वाकले होते तसा, आणि कडेने बघत राहिला.

"दिसतंय, काका."

"मग तसं लिहा."

"मला दिसतं ते लिहायला जागा नाही तिथे. आकड्याला जागा आहे."

मला वाटलं आता काका चिडतील. मला तरी चीड आली होती. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुमचाही नाइलाज आहे. तो मुलगा उठून उभा राहिला, यंत्र खिशात घातलं, आणि जाता जाता म्हणाला की तो एक करू शकतो. मेहेरबानी म्हणून तो दरवाजा पुन्हा रंगवून द्यायची शिफारस करतो. फुकट होईल. काकांनी विचारलं, कारखान्यासारखा होईल का? तो म्हणाला, बघू या. परतताना काका म्हणाले, "बोलला तरी. दिसतंय म्हणाला."

पुन्हा रंगवायला नको, असं मला त्यांच्या ओळखीच्या दोन-तीन गॅरेजवाल्यांनी सांगितलं होतं. मूळ रंग भट्टीत भाजलेला असतो, तो एकदा घासला की परत येत नाही. पण तशीच ठेवली तर दाणे आहेतच. काकांनी दोन दिवस विचार केला. घासली तरी वाईट, ठेवली तरी वाईट, असं ते स्वतःशीच म्हणत. अखेर त्यांनी गाडी वर्कशॉपला दिली.

आठवड्याचं काम म्हणाले होते. मग रंगाचा डबा आला नाही. मग आला तो दुसऱ्याच शेडचा. मग रंगकाम करणारा गावी गेला. काका रोज फोन करायचे आणि फोन ठेवताना 'थँक्यू' म्हणायचे.

त्या काळातच एका सकाळी हरेशमामांचा फोन आला. आईला श्वास लागलाय, डॉक्टर येऊन गेले, तुम्ही निघा. मी खाली जाऊन रिक्षा आणली. काकूंना दोन्ही बाजूंनी धरून आत बसवलं. फाटकाजवळ रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा काकूंनी पुढची दांडी घट्ट धरलेली मला दिसली. आई त्या पोहोचायच्या आधीच गेली होती. थोडाच वेळ आधी.

मी नंतर काकांना म्हटलं की गाडी असती तरी तेवढाच वेळ लागला असता. ते खरंही होतं. त्यांनी मान हलवली. "वेळेचं नाही म्हणत मी," ते म्हणाले.

तेराव्याच्या आदल्या दिवशी वर्कशॉपचा फोन आला, गाडी तयार आहे. काका जाऊन घेऊन आले. मी तेव्हा काकूंकडेच होते, मुर्ध्याला न्यायच्या डब्यांची भराभर चालली होती. खिडकीतून मी खाली पाहिलं. उन्हात गाडी उभी होती. डावा मागचा दरवाजा आता बाकी गाडीपेक्षा जास्त निळा होता. वरून तिसऱ्या मजल्यावरून कळत होतं, ठिगळ लावल्यासारखा. नंतर जवळून पाहिलं तेव्हा खालच्या कडेला रंगाचा एक ओघळ होता, वाळून कडक झालेला.

काका वर आले. काकूंनी डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, झाली का नीट?

"नाही."

काकूंनी झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला. मग कुणाला काही लागू नये अशा आवाजात म्हणाल्या, "आयच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता हो. तिला कुठला रंग दिसणार होता."

काका चपलांच्या स्टँडवर बसले. तिथे कुणी कधी बसत नसे. मग त्यांनी विचारलं, "तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही जन्मात पहिल्यांदा कशाचा तरी हट्ट धरला होता. मला तो मोडवेना."

मी पिशवी उचलून आत गेले. आत करायला काही नव्हतं. ओट्याशी उभी राहिले.

ग्राहक मंचाकडे जायचा अर्ज मी अर्धा लिहून ठेवला होता. काकांनी तो थांबवायला सांगितला. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. ज्या दरवाजाबद्दल भांडायचं तो आता राहिलाच नव्हता. तो घासून टाकला होता आणि तेही त्यांच्याच संमतीने. नवा दरवाजा वाईट आहे म्हणावं, तर तो फुकट करून दिलेला. "आता दाखवायचं काय आणि कुणाला?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते दोघं त्याच गाडीतून तेराव्याला गेले. हरेशमामा म्हणे दारात उभे होते, त्यांनी पुढे होऊन बहिणीला हाताला धरून उतरवलं, आणि कुणीही दरवाजाकडे पाहिलं नाही. त्या दोघांनी पुढे कधी उत्तन गाठलं की नाही, ते मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

गाडी मग चालूच राहिली. दवाखाना, बँक, मंडई. काका ती पुसायचे, पण पूर्वीसारखे वाकून बघायचे नाहीत. त्यांच्यात एक बदल मात्र झाला आणि तो सगळ्यांच्याच लक्षात आला. भाजीवाल्याने पिशवीत घातलेला मऊ टोमॅटो ते आता उचलून परत ठेवायचे. ठेवल्यावर त्यालाच 'सॉरी' म्हणायचे, पण ठेवायचे. वरच्या मजल्यावरही एकदा जाऊन आले. काय बोलले कुणास ठाऊक, पण महिन्याभरात न्हाणीघराची लादी उखडून दुरुस्त झाली. आणि आजूबाजूला कुणी नवी गाडी घेतली की ती ताब्यात घ्यायच्या दिवशी घागकाकांना घेऊन जायची पद्धत पडली. काही जण थट्टेने न्यायचे. काका इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात छोटी टॉर्च ठेवून जायचे. एकाच्या गाडीचा पुढचा बंपर त्यांनी ठोकलेला ओळखला आणि शोरूमला तो बदलावा लागला. त्याचा त्यांना आनंद झाला, पण स्वतःच्या गाडीचा विषय त्यांनी त्यावरूनही काढला नाही.

मग त्यांच्या लेकीने, मानसीने, दोघांना पुण्याला बोलावून घेतलं. काकूंचा दुसराही गुडघा करायचा होता. जायची तयारी चालू असतानाच मिरा रोडला राहणाऱ्या माझ्या भाच्याने, प्रसादने, गाडी घेतली. मीच काकांना म्हटलं, येता का. ते लगेच तयार झाले.

शोरूम हायवेवरच होतं, आमचं नव्हे, वेगळं. सणाचा दिवस, त्यामुळे गर्दी. प्रसाद, त्याची बायको स्वप्नाली, विरारहून आलेले तिचे आईवडील, हातात कुंकवाचं ताट. पांढरी गाडी, हार घातलेली, दिव्यांखाली उभी. काकांनी विक्रेत्याला अदबीने सांगितलं की गाडी एकदा बाहेर उन्हात घ्या. तो म्हणाला, अंकल, आज इतनी डिलिव्हरी है, बाहर जगह ही नहीं. काकांनी टॉर्च काढली. हळूहळू गाडीभोवती फिरले. पुढच्या चाकाच्या वर, बॉनेटच्या कडेला, त्यांचा हात थांबला. ते तिथे दोनदा टॉर्च फिरवून आले. मग प्रसादला बाजूला घेऊन सांगितलं की इथे हात लागलाय, रंग नंतरचा आहे, आज घेऊ नका, दुसरी मागा.

प्रसाद वाकला. "मला तर काही दिसत नाही, काका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या टॉर्चच्या उजेडात पाहिलं. मला दिसलं. बॉनेटच्या पांढऱ्यात किंचित पिवळेपणा, आणि कडेला कागदी चिकटपट्टी लावून काढल्याची केसाएवढी रेघ. मी प्रसादला म्हटलं, "काका बरोबर सांगतायत. आज राहू दे."

"आत्या, प्लीज," तो दबल्या आवाजात म्हणाला. "मुहूर्त चाललाय. सगळे आलेत." त्याच्या मागे स्वप्नालीने बोटाला कुंकू लावून हात तसाच धरून ठेवला होता.

काकांनी टॉर्च बंद केली. "गाडी छान आहे," ते प्रसादला म्हणाले. "सांभाळून चालव." स्वप्नालीने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नेमकं त्या पिवळसर भागाच्या शेजारी. नारळ फुटला. विक्रेत्याने सगळ्यांना पेढ्यांचे छोटे डबे वाटले, काकांनाही दिला. मग सगळे बसायला लागले आणि लक्षात आलं की काकांना जागा नाही. मी उतरू लागले तर स्वप्नालीच्या आईने मला आत ओढलं आणि काकांनीच बाहेरून माझं दार लावलं. "तू जा गं. मला इथून रिक्षा मिळते."

पुढच्या आठवड्यात ते पुण्याला गेले. मी तेव्हा परीक्षेच्या कामावर होते, निघताना भेट झाली नाही. त्यामुळे त्यांना पाहिलं ते तेच शेवटचं. प्रसाद हायवेच्या गर्दीत गाडी घालायला थांबला होता, तेव्हा मी मागच्या काचेतून वळून पाहिलं. काका फुटपाथच्या कडेला उभे होते. त्यांच्या मागे काचेच्या आत, आम्ही रिकाम्या केलेल्या जागेवर, पुढची गाडी आणून लावत होते आणि एक वेगळंच कुटुंब तिच्याभोवती गोळा होत होतं. काकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, ते आत जातील. मग त्यांनी पेढ्यांचा डबा दुसऱ्या हातात घेतला आणि येणाऱ्या रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली नाही.